केदारखेड्याची निळी वायर

मी नवीन जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत कामाला लागले, तेव्हा वडीगोद्रीत माझ्या वडिलांनी सगळ्यांना सांगितलं की पोरगी फायली सांभाळायला आहे. आमचं हायवेला लागून पाइप आणि मोटारीच्या सामानाचं दुकान. गिऱ्हाईक विचारायचं, म्हणजे कारकून का? वडील म्हणायचे, तसंच, पण फायली कॉम्प्युटरातल्या. मी दोन-तीनदा त्यांना नीट समजावून बघितलं आणि मग सोडून दिलं, कारण खरं सांगायचं तर त्यांचं फारसं चुकत नव्हतं.

कंपनीच्या सगळ्या फायली एका सर्व्हरवर असायच्या आणि ऑफिसातले लोक आपापल्या टेबलावरून त्याच फायली उघडायचे. कोणी नुसतं वाचायचं, कोणी लिहायचं, दोघांनी एकाच वेळी एकच फाइल धरली तर कोणाला थांबवायचं, हे बघणं माझं काम. पण आमच्याकडे एक गोम होती. निम्म्या फायली जालन्यात नव्हत्याच. त्या केदारखेड्याला, कंपनीच्या शेतावर होत्या.

तिथे शेडनेटमध्ये मिरची आणि टमाट्याच्या नव्या वाणांच्या चाचण्या चालायच्या. कोणत्या झाडाला किती फुलं, कोणत्या फुलाचं क्रॉसिंग, म्हणजे हाताने संकर, कधी केलं, फळ कसं आलं, त्याचे फोटो, हे सगळं शेतावरच्या खोलीतल्या एका मशीनमध्ये भरलं जायचं. माझ्या आधी या जागेवर जो होता त्याने ते शेतावरचं फोल्डर जालन्याच्या सर्व्हरला जोडून ठेवलं होतं. आमच्या धंद्यात याला माउंट करणं म्हणतात. एकदा माउंट केलं की केदारखेड्याचं फोल्डर जालन्यात असल्यासारखंच दिसतं. कंपनीच्या मालकांना, शेठजींना, तर बरेच दिवस वाटत होतं की त्यांच्या मिरच्या त्यांच्याच कॉम्प्युटरात आहेत.

आता माउंट करताना एक शब्द लिहावा लागतो. ‘हार्ड’ लिहिलं, तर समोरचं मशीन उत्तर देईनासं झालं तरी आपला सर्व्हर तक्रार करत नाही. तो स्थळाच्या होकाराकडे डोळे लावून बसलेल्या पोरीच्या बापासारखा वाट बघत राहतो, आणि त्याच्याबरोबर अख्खं ऑफिस वाट बघतं. ‘सॉफ्ट’ लिहिलं, तर थोडा वेळ थांबतो आणि हात वर करतो. माझ्या आधीच्या माणसाने ‘हार्ड’ लिहिलेलं होतं. हे मला कामाच्या पहिल्याच दिवशी दिसलं. मी तो शब्द तसाच ठेवला.

पहिल्यांदा सगळं अडकलं ते एका मंगळवारी सकाळी दहाच्या आत. ज्याने त्याने जी फाइल उघडली होती ती तशीच थिजली. शेठजींचा कॉम्प्युटरही थिजला. आमचे शेठजी म्हणजे राजस्थानातून तीन-चार पिढ्यांपूर्वी जालन्यात येऊन राहिलेल्या जैन घरातले, साठी ओलांडलेले, कधीही आवाज न चढवणारे. ते माझ्या टेबलापाशी आले आणि हात मागे बांधून उभे राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी शेतावर फोन लावला. शेतावरचे साहेब दिवसभर गावोगाव बियाणं लावणाऱ्या शेतकऱ्यांकडे फिरतीवर असायचे, त्यामुळे खोलीची किल्ली मावशींकडे. मावशी म्हणजे क्रॉसिंग करणाऱ्या बायांच्या मुकादम. बारीक अंगाच्या, पदर कायम तोंडाशी धरलेल्या. त्यांना सगळे मावशीच म्हणत. मी विचारलं, मशीनचे दिवे लागलेत का? म्हणाल्या, लागलेत. मागची निळी वायर बसलेली आहे का? त्यावर त्या म्हणाल्या की वायरीला त्या हात लावत नसतात, करंटचं भ्या वाटतं.

झालं. कंपनीची जीप निघाली. जीप चालवणारे चाचा जुन्या जालन्यातले, गाडी इतकी सावकाश चालवायचे की मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवायचाही कंटाळा करत. राजूरला त्यांनी नेहमीप्रमाणे चहा घेतला. ऑफिसात सगळे हातावर हात धरून बसले होते आणि इथे चाचा बशीत फुंकर मारत होते, आणि मला कबूल करायला हरकत नाही, मला फार बरं वाटत होतं.

शेतावर पोचले तर निळी वायर मशीनच्या मागे लोंबकळत होती. झाडताना निसटली असणार. मी ती खटकन बसवली. जालन्यात सगळं चालू झालं. एवढ्या एका खटक्यासाठी तासाभराचा रस्ता, म्हणून मावशींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, वर कच्चा कांदा. त्या स्वतः मात्र भाकरी वरणात पार कुस्करून, पदराआड तोंड करून जेवत होत्या. मला वाटलं, पाहुण्यांसमोरची रीत.

आम्ही निघालो तेव्हा त्यांनी सहज विचारलं, जीप जालन्यालाच चाललीये ना? जालन्याला त्यांचं थोडं काम होतं, आणि एसटीत उभं राहून गुडघे धरतात. त्या मागे बसल्या. स्टेशनजवळ उतरल्या.

पंधरा दिवसांनी परत तेच. मंगळवार, सकाळची वेळ, निळी वायर. मावशी म्हणाल्या, उंदीर. मी म्हटलं, उंदीर वायर कुरतडतो, खटका दाबून काढत नाही. त्या म्हणाल्या, इथले उंदीर बरेच शिकलेले हायेत, कंपनीचं बी खातेत ना. परत जेवण, परत जीप, परत स्टेशन. तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी सर्व्हरची नोंद काढली. शेतावरचं मशीन किती वाजता बोलायचं बंद झालं, ते त्यात मिनिटासकट लिहिलेलं असतं. तिन्ही मंगळवार, आणि तिन्ही वेळा पावणेदहाच्या आसपास. म्हणजे दवाखान्याच्या दुपारच्या वेळेला जालन्यात पोचायचं तर जीप जितक्या वाजता निघायला हवी, बरोबर तितक्या हिशेबाने. पण दवाखान्याचं तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

ते कळलं त्याच दिवशी, परतीच्या रस्त्यावर. मावशींनी कनवटीतून एक चार घड्यांचं कार्ड काढलं आणि माझ्यापुढे धरलं. ‘माय, जरा वाच बरं, आता म्होरची तारीख कोणती दिलीये. चष्मा घरी राह्यला.’

दातांच्या दवाखान्याचं कार्ड होतं. उरलेले दात काढणे, माप घेणे, चावा बघणे, असं एकाखाली एक लिहिलेलं आणि समोर तारखा. झालेल्या तारखांवर काट मारलेली. मी त्या तारखा वाचल्या आणि मला आमच्या सर्व्हरची नोंद वाचल्यासारखंच वाटलं. पुढची तारीख मी सांगितली. मग थोड्या वेळाने म्हटलं, ‘मावशी, तुमचा उंदीर कवळी बसवून राह्यला का?’

चाचांनी गाडी आणखी सावकाश केली. त्यांना सगळं माहीत होतं, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं.

मावशी काही लाजल्या नाहीत. त्यांनी पदर खाली घेतला आणि बोळकं उघडून दाखवलं. नातीचं लग्न होतं, तुळशीचं लग्न लागल्यावर. नवऱ्याकडची माणसं संभाजीनगरची, फोटो फार काढणारी. मावशींना त्या फोटोत पदराआडून हसायचं नव्हतं. घरी कोणाला सांगितलं असतं तर सुना म्हणाल्या असत्या, या वयात आता कशाला. म्हणून गुपचूप चाललं होतं. पहिल्यांदा वायर खरंच झाडताना निसटली होती, हे त्यांनी शपथ घेऊन सांगितलं. तेव्हा त्यांना कळलं की ही एवढीशी निळी दोरी ओढली की जालन्याहून जीप येते.

मी त्यांना रागवायला हवं होतं. पण मला पुढच्या मंगळवारची अंबाडीची भाजी दिसत होती, आणि मी काय केलं, तर नियम घातले. शेठजींकडे पाहुणे असतील त्या दिवशी वायर काढायची नाही. काढायच्या आधी मला मिस्ड कॉल द्यायचा, म्हणजे मी सगळ्यांना हातातलं काम सेव्ह करायला सांगेन. आणि मशीन बंद करायचं नाही, नुसती वायर. मावशींनी तिन्ही गोष्टी बोटांवर मोजल्या आणि म्हणाल्या, बराबर हाय.

त्यानंतर माझ्या नोकरीतला सगळ्यात सुरळीत काळ सुरू झाला. मी मावशींच्या कार्डावरच्या तारखा उतरवून घेतल्या आणि ऑफिसच्या बोर्डावर नोटीस लावली: अमुक मंगळवारी सकाळी शेतावरच्या सर्व्हरची देखभाल, सर्वांनी पावणेदहाच्या आत आपापली फाइल बंद करावी. लोकांना ही नोटीस भयंकर आवडली. त्या वेळेला सगळे खाली चहाला जायला लागले. शेठजींनी मला बोलावून सांगितलं की आजवर या ऑफिसात बंद पडल्यावर धावाधाव व्हायची, ठरवून देखभाल करणारी तू पहिलीच. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, विनय.

विनयाचा परिणाम असा झाला की पुढच्या देखभालीला शेठजी स्वतः निघाले. मी सकाळी जीपपाशी आले तर ते पुढच्या सीटवर आधीच बसलेले. म्हणाले, बरेच दिवसांत शेतावर गेलो न्हाई, तुझी देखभाल पण बघून घेतो. मी मावशींना कळवायला फोन काढला, पण शेठजी मागे वळून माझ्याशी टमाट्यावरच्या रोगाबद्दल बोलायला लागले ते राजूरपर्यंत. तिथे चहा घेताना मी लावला, तर मावशींचा फोन लागेना. शेडनेटमध्ये कुठे रेंज असते.

खोलीत शिरलो. मशीन चालू. निळी वायर नेहमीसारखी खाली लोंबकळत नव्हती. या वेळेला मावशींनी ती नीट गुंडाळून, तिला रबर लावून, मशीनवर ठेवली होती. बाजूला त्यांची पिशवी, त्यात जालन्याला जायचं लुगडं. आणि मावशी स्वतः दारात, केस विंचरून तयार.

शेठजींनी वायरीची गुंडाळी उचलली. उलटीपालटी करून बघितली. ‘हे कोणी काढलं?’

मी तोंड उघडलं होतं, काहीतरी बोलणारही होते, पण मावशी आधी बोलल्या. ‘म्या काढलं, मालक. तुमच्या जीपीत बसून जालन्याला जायचंय.’

‘कशाला?’

त्यांनी पदर बाजूला केला आणि दाखवलं.

एका मालकाने मुकादमीणबाईच्या तोंडात वाकून बघावं, हे मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते. शेठजींनी विचारलं, माप झालं का? झालं. मेणावर बसवून बघितलं का? ते आज हाय. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, आमच्याकडे पाठ केली, आणि परत वळले तेव्हा त्यांचे गाल आत गेलेले आणि हातातल्या रुमालात वरची सगळी पंगत. ‘बघा,’ ते म्हणाले, आणि ते ‘बघा’ मला ‘भघा’ असं ऐकू आलं. ‘हिरडीला लागत असंल तर तिथंच सांगायचं. लाजायचं न्हाई. मी लाजलो, तीन महिने खिचडी खाल्ली.’

मावशींनी रुमालाजवळ चष्मा नेऊन बारकाईने पाहणी केली आणि रंग जरा जास्तच पांढरा असल्याचं मत दिलं.

त्या दिवशी शेठजी मावशींच्या हातचं जेवले. परतीच्या वाटेवर दोघं दातांवर बोलत होते. कोणत्या पेस्टने घासायचे, रात्री कशात ठेवायचे, सुपारी कायमची सुटते का. मी मागे अंग चोरून बसले होते. वाटत होतं, सुटले. राजूर मागे पडलं आणि शेठजींनी आरशातून माझ्याकडे बघितलं.

‘बेटा, एक सांग. मी कोणाला फोन लावला आणि त्याने उचलला न्हाई, तर मी ठेवून देतो, दुसरं काम बघतो. हा कॉम्प्युटर फोन ठेवत का न्हाई?’

कॉम्प्युटरातलं त्यांना ओ की ठो कळत नाही असं ऑफिसात सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे.

‘ठेवू शकतो,’ मी म्हटलं.

‘मंग?’

‘त्याला तसं सांगावं लागतं. एक शब्द बदलावा लागतो.’

‘तुला हे कवापासून माहीत हाय?’

‘पहिल्या दिवसापासून.’

चाचांना खोकला आला. मी घाईघाईने सांगायला लागले की त्यात एक धोका आहे. सर्व्हरने मध्येच हात वर केले, तर त्या क्षणी जे लिहिणं चालू असेल ते अर्धवट राहतं. झाडांच्या नोंदी अर्ध्या तिकडे, अर्ध्या कुठेच नाहीत, आणि कोणाला कळतही नाही. वाट बघणारा सर्व्हर त्रास देतो, पण काही हरवत नाही. शेठजींनी सगळं ऐकून घेतलं.

‘हे खरं हाय, का बहाणा?’

‘खरं हाय,’ मी म्हटलं. ‘आणि बहाणा पण.’

ते पुढे बघायला लागले. त्यांचे खांदे हलत होते की रस्ता खराब होता, मला सांगता येणार नाही. जालना आल्यावर उतरताना म्हणाले की आठ दिवसांत असं काहीतरी कर की हरवणारही न्हाई आणि थांबणारही न्हाई.

उपाय मला माहीत होता. तोही पहिल्या दिवसापासून. शेतावरच्या फायलींची एक प्रत जालन्यात ठेवायची. शेतावरची माणसं तिथे लिहितील, जालन्यातली माणसं इथली प्रत वाचतील, आणि दोन्ही मशीनं तासातासाला एकमेकांशी जुळवून घेतील. तिकडची वायर निघाली तर इकडची प्रत थोडी जुनी राहील, पण कोणी अडकणार नाही. दोन दुपारींत काम झालं. देखभालीची नोटीस मी बोर्डावरून काढली, तेव्हा दोघा-तिघांनी येऊन हळहळ व्यक्त केली.

मावशींची एकच तारीख राहिली होती, कवळी बसवायची. मला वाटलं, शेठजींना आता सगळं माहीत आहे तर त्या सरळ जीप मागतील. पण मागणं हा मावशींचा स्वभाव नव्हता. त्या मंगळवारी साडेदहाला त्यांचा फोन आला, आवाज दबका. ‘माय, कवाची वायर काढून बसले मी. तुमचं काहीच बंद पडलं न्हाई का?’

‘न्हाई मावशी. आता न्हाई पडत.’

पलीकडे पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, ‘मंग आता म्या काय काढू?’

मी फोन ठेवला आणि जे केलं ते एखाद्या शहाण्या माणसाने नक्कीच केलं नसतं. जालन्याच्या सर्व्हरवरून शेताच्या फायलींची ती प्रतच सोडवली, म्हणजे माउंटच्या उलट, जोड तोडली. एका ओळीची आज्ञा असते. त्या फायली कोणी धरून ठेवल्या असतील तर सर्व्हर सोडायला नकार देतो. म्हणून मी जबरदस्तीने सोडवली. मिरच्या गेल्या, टमाटे गेले, सगळ्यांच्या स्क्रीनवर रिकामं फोल्डर. मी पिशवी उचलली आणि गंभीर चेहऱ्याने शेठजींच्या केबिनकडे निघाले, की बघा, एवढं करून शेवटी शेतावर जावंच लागतंय.

ते दारातच भेटले. त्यांनी माझ्या खांद्यावरची पिशवी बघितली, मग माझ्याकडे.

‘चाचा सकाळीच गेला केदारखेड्याला,’ ते म्हणाले. ‘मावशीची तारीख कार्डावर बघितली होती मी. आता पोचला असंल. तू जोड ते परत, जल्दी.’

मी परत जोडलं. पण जबरदस्तीने सोडवलेलं परत जोडलं की ज्याच्या ज्याच्या टेबलावर जुनी फाइल उघडी असते त्याला एक संदेश येतो, की तुमच्या हातातलं टोक शिळं झालंय. खरंच असाच शब्द आहे त्यात. मग त्या प्रत्येकाकडे जाऊन ते बंद करून पुन्हा उघडून द्यावं लागतं. दुपारी दोनपर्यंत मी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर हिंडत होते. कशामुळे झालं असं सगळे विचारत होते आणि मी म्हणत होते, उंदीर.

कवळी बसली. लग्न झालं. मला आमंत्रण होतं, मी गेले. मावशी स्टेजवर व्याह्यांच्या शेजारी उभ्या राहून सगळ्या फोटोंत दात दाखवून हसल्या. पंगत बसली तेव्हा मी त्यांच्या शेजारची जागा धरली. मोठ्या कौतुकाने बघत होते की आता कडक पुरी कशी मोडतात. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, पदर तोंडावर घेतला, आणि पदर खाली आला तेव्हा कवळी स्टीलच्या एका छोट्या डबीत होती. डबी कनवटीला गेली. पुरी वरणात कुस्करून त्या शांतपणे जेवायला लागल्या.

मी विचारलं, दुखतात का?

‘दुखत न्हाईत,’ त्या म्हणाल्या, ‘पण खाताना मधी येतेत.’